मुकी मोटर, बोलकं इंजन

गिरणीत कितीही झाडा, दुसऱ्या दिवशी तुळईवर पिठाचा नवा थर बसलेलाच. किस्स्यांचंही तसंच. हरसूलकडच्या आमच्या गिरणीत माझ्या अंगावर दोन्ही बसलेत!

०

नव्वद सालाकडं गिरणी डिझेलच्या इंजनावर चालायची. धुराच्या नळीवर डबा, त्यातून कूक-कूक आवाज निघायचा. तो डोंगरावरच्या पाड्यांवर पोचला, की बाया दळायच्या नागलीची पाटी घेऊन उतरायच्या.

एकदा आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, नुसतं दुरुस्तीपुरतं इंजन चालू केलं. दारात बायांची रांग! हे म्हणाले, "आज गिरणी बंद हाय."

"मग बोलावलं कशाला?"

मुकाट दळून दिलं!

०

दळण होईस्तोवर बाया भिंतीला टेकून पेंगायच्या. हवेत पिठाचं धुकं, पायाखाली जमीन हलकी थरथरती. रडकं लेकरूही तिथं गपगार झोपायचं.

एक नवी सून पिठाचं गाठोडं छातीशी धरून ओढ्यापर्यंत गेली आणि बोंबलत परत आली. लेकरू पोत्यावरच! मी झापलं, "पोटचं पोर विसरलीस?"

"काकू, गाठोडं गरम होतं. मला वाटलं, लेकरूच हाय!"

०

शिवरात्रीला उपवासाची भगर दळायची. पहिलीच्या पिठात जात्यातला उरलासुरला गहू येणार, म्हणजे तिचा उपवास मोडला! एरवी नंबरासाठी भांडणाऱ्या बाया त्या दिवशी लय मायाळू. "आधी तुझं घे गं." "नको बाई, तू मोठी."

शेवटी मीच माझी भगर ओतली. "या आता! देवाशी माझं मी बघते."

०

पुढं वीज आली, मोटर बसली. मोटर गुणाची, पण मुकी. पाड्यांवर कळेचना, गिरणी चालू की बंद. बाया बाजाराच्या गावी दळू लागल्या. आम्ही दोघं माशा मारत बसलो.

मालक म्हणाले, "गिरणी मोडू. मालेगावचा भंगारवाला टेम्पो आणतोय."

"इंजनाला हात लावा, त्याच टेम्पोत तुम्हाला घालते!"

०

दुसऱ्या दिवशी पट्टा न चढवताच मी इंजनाचं हँडल मारलं. दळायला मोटर, बोलवायला इंजन!

"डिझेल जाळून कोणाला हाका मारतेस?" मालक म्हणाले.

ऊन चढलं. डोंगर निळा, झोपेत असल्यासारखा. वाटेवर चिटपाखरू नाही. मालक इंजन बंद करायला उठले.

तेवढ्यात वळणावर वरच्या पाड्याची सोनीआजी दिसली. सत्तरी उलटलेली म्हातारी, चक्क पळत येत होती! दारात येऊन टेकली. हात रिकामे.

"आजी, दळण कुठंय?"

"सुना आणतात मागून." तिनं दम घेतला. "मी पुढं आले. म्हटलं, तुम्ही बंद केलं तर?"