बोलत ऱ्हा, कीपर!

टीव्हीवर फुटबॉलची मॅच चालू असली आणि समालोचनाला बाई बोलायला लागली, की मेजर रिमोट उचलून आवाज बंद करायचे. रागानं नाही. घरात शिरताना चप्पल काढावी तितक्या सहज. मग मुकी मॅच बघत बसायचे. मधेच आवाज वाढवून अंदाज घ्यायचे. अजून बाईच बोलत असली की पुन्हा बंद. "दिसतंय की समदं," म्हणायचे. "सांगायचं काय त्यात तिनं?"

आणि हाच माणूस साताऱ्यात आम्हा मुलींना फुटबॉल शिकवायचा. फुकट. हे दोन्ही जुळत नाही म्हणाल, तर मलाही ते कधी जुळवता आलं नाही.

तसे ते मेजर नव्हते. हवालदार म्हणून रिटायर झालेले. पण आमच्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. पलटणीच्या टीममधून खेळून गुडघा गेलेला, त्यामुळे मैदानावर लंगडत फिरायचे. मुली मिळवायला घरोघर जायचे. एका बापानं विचारलं, "मेजर, पोरीचा पाय मोडला तर लगीन कोण करंल?" मेजर म्हणाले, "आन् जिन्यावरनं पडून मोडला तर? जिना पाडतोस व्हय?" दुसऱ्या दिवशी ती पोरगी मैदानावर हजर होती.

मी जत तालुक्यातली. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी कुठंही ताठ मानेनं सांगते. शिकायला मामाकडे साताऱ्यात आले, मैत्रिणीबरोबर सहज मैदानावर गेले. ती पार पलीकडच्या टोकाला होती. तिला हाक मारली तर सगळं मैदान थांबलं.

"ह्यो आवाज कुठनं आणलास गं?" मेजरांनी विचारलं.

"मेंढरांमागनं."

"मग जा, गोलात हुबी ऱ्हा."

मुली हसल्या. गोलकीपर काय करतो, हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

मेजरांच्या मते गोलकीपर हातानं कमी आणि तोंडानं जास्त खेळतो. सगळं मैदान त्याच्या एकट्याच्या डोळ्यांपुढं असतं. पुढच्यांना पाठीमागचं दिसत नाही. "तुला दिसतंय, त्यास्नी न्हाई. मग सांगणार कोण? बोलत ऱ्हा, कीपर!" चेंडू हातातून सुटून गोल झाला तर ते काही बोलायचे नाहीत. मी गप्प राहिल्यामुळं झाला, तर मैदानाला फेऱ्या. सांगलीच्या एका मॅचमध्ये मी सुरुवातीपासून ओरडत होते. प्रेक्षकांतला एकजण म्हणाला, "आगं हळू, नवरा पळून जाईल!" मेजर वळले. "ती बोलतीया म्हणून गोल हुईना. तू गप बस." येताना एसटीत त्यांनी खिशातून खडीसाखर काढून दिली. घशाला.

बी.ए. झाल्यावर सांगलीतल्याच एका स्पर्धेसाठी मला बोलावणं आलं. मॅच मोबाईलवर लाइव्ह दाखवणारी पोरं होती. त्यांना मी हवी होते ती बक्षीस वाटपापुरती. "छानशी साडी नेसून या, मॅडम." मी म्हटलं, बक्षिसं तुम्ही वाटा, मी मॅच बोलते. बोलले. खाली कॉमेंटा पडत होत्या : बाईला कुणी बसवलं रं? आवाज बंद करा. घरी भाकरी कोण थापतंय? मी बोलत राहिले. त्याच बोलण्यावर पुढं पुण्यात एका वाहिनीवर काम मिळालं.

पेढे घेऊन आधी मेजरांकडं गेले. टीव्हीवर जाणार म्हटल्यावर ते खूश झाले. "कुठल्या टीमकडनं?"

"खेळायला न्हाई, मेजर. माईकवर."

पेढा हातातच राहिला. "हे कशाला आता? बाईचा आवाज मॅचला चढत न्हाई, पोरी."

"आवं, तुमीच शिकवलं की वरडायला!"

"ते आत. मैदानाच्या आत."

"बाहेरनं तर आणखी दिसतंय."

त्यांनी हातातला पेढा खाल्ला. निघताना मी म्हटलं, "एकदा ऐका फकस्त."

"बघीन," म्हणाले. ऐकीन म्हणाले नाहीत.

पुढं प्रत्येक मॅचनंतर त्यांचा फोन यायचा. "बघितली मॅच. त्यांची डावी बाजू लय ढिली." माझ्या बोलण्याबद्दल अवाक्षर नाही. मीही विचारलं नाही. मागून घेतलेल्या शाबासकीला चव नसते.

यंदा उन्हाळ्यात मेजर गेले. त्यांच्या बायकोला, काकींना, भेटायला मी गेले, तर टीव्हीसमोर त्यांची खुर्ची तशीच होती, रिमोट खुर्चीच्या हातावर. तेव्हा मात्र राहवलं नाही. "काकी, माझं कधी ऐकलं का वं त्यांनी?"

काकींना खोटं बोलता येत नाही. "न्हाई गं. तुझी मॅच लागली की आवाज बंद. पर आळीतल्या समद्यांस्नी बोलवायचे. आन् सोताच बोलत बसायचे. 'आता आमची कीपर म्हणंल, मागं बघ. आता म्हणंल, डावीकडनं गडी सुटला.' पुरी मॅच! आमी आपलं त्यांचंच ऐकायचो."

सांगताना त्या हसत होत्या. मीही हसले. मेजरांचा अंदाज बहुतेक बरोबर असणार. मैदान बघायला मी त्यांच्याकडूनच शिकले होते. पण इतक्या वर्षांत माझं म्हणून काही सुचलं होतं. ते त्यांना कुठून सुचणार?

आणि एक वाक्य तर त्यांना ओळखता येण्यासारखं नव्हतंच. वाहिनीवरच्या माझ्या पहिल्या मॅचची शिट्टी वाजली, तेव्हा मी म्हणाले होते, "मला बोलायला साताऱ्याच्या एका मेजरांनी शिकवलं. ते आत्ता बघत असतील."

बघत होतेच.