साहेबाच्या पत्रातली शेवटची ओळ

घाटातल्या रेल्वेचं काम संपलं आणि कर्जतची कंत्राटदार साहेबाची कचेरी रिकामी पडली. गावाने तिथे देवीचं देऊळ करायला ती मागितली. उत्तर इंग्रजीत आलं. मी मिशनच्या शाळेत शिकले म्हणून ज्यांनी आमचं घर वाळीत टाकलं होतं, तेच पंच पत्र घेऊन आमच्या ओसरीवर आले.

“वाच गं, तुझं बाटगं शिक्षण एकदा तरी कामी येऊ दे,” एकजण हसत म्हणाला.

साहेबाची हरकत नाही, एवढंच मी वाचलं. पंधरा दिवसांत होकार न कळवल्यास लिलाव होईल, ही ओळ गाळली.

“साहेब बूट घालून वावरला त्या जागेत देवी बसंल का?” यावर वाद झाला. शेवटी देवीचा कौल घ्यायला पंच दोन महिने, दसऱ्यापर्यंत थांबले.

तिथे आता दारूचा गुत्ता आहे. पंच त्यावरून जाताना तोंड फिरवतात. मला ते बघायला आवडतं.