लेन्सचं पाणी

परवा कपाट आवरताना लेकीच्या लेन्सच्या पाण्याची अर्धी बाटली सापडली आणि झाकण उघडताच तो औषधी वास मला थेट आमचे हे गेले त्या सकाळकडे घेऊन गेला बघा. लेकीची बुबुळं टोकदार झालेली; चष्म्याने भागेना, मऊ लेन्स चालेनात, पण त्या कडक लेन्स घातल्या की तिला समोरच्याच्या पापण्यासुद्धा दिसायच्या. पुण्याहून ती नल्लकुंट्याला आमच्या घरी पोचली तेव्हा डोळे रडून सुजलेले. आरशापुढे बसून ती लेन्स घालायची आणि आसवांबरोबर लेन्स घरंगळून गालावर यायची. शेजारच्या खाला म्हणाल्या, "रो नक्को बेटा, जरा दम ले, फिर बैठ जाती." "आसू रुकतेच नै, खाला!" बाहेर माणसं ताटकळलेली. दीर दारातून हळूच म्हणाले, "वहिनी, आता निघायला हवं." शेवटी ती लेन्सशिवाय तशीच आली, बापाच्या तोंडाशी तोंड नेऊन बघत राहिली, मग बोटांनी कपाळ, मिशा चाचपल्या. अजून फोनवर मधेच विचारते, "आई, बाबा कसे दिसत होते गं?" मी म्हणते, "झोपल्यासारखे, बाळा." तिला दिसलं नाही तेच बरं म्हणायचं, मला मात्र सगळं स्वच्छ दिसलं होतं.