फिनाइलताईंचे उसने जंतू

रुग्णालयाच्या धुलाईघरात एक नियम होता. मळक्या चादरींच्या दाराने आत आलेला माणूस स्वच्छ चादरींच्या दाराने बाहेर पडणार नाही. मग तो कोणी का असेना! एकदा एक बडे सर्जन घाईघाईत तसे निघाले, तेव्हा धुलाईघराच्या मुकादमबाईंनी त्यांना दंडाला धरून मागे फिरवलं आणि वर "हात धुवून जा" असंही सुनावलं. त्या दिवसापासून बाईंचं नाव फिनाइलताई पडलं. ते कानावर आलं तेव्हा ताई म्हणाल्या, "बरं झालं. निदान चांगल्या वासाचं नाव ठेवलंत."

जंतूंशी ताईंचं उभं वैर होतं आणि ते उगाच नव्हतं. त्या शाळेत असताना आईच्या पायात खिळा घुसला, जखम चिघळली आणि चालतीबोलती बाई हातची गेली. पुढे धाकटा भाऊ तापाने फणफणला, तेव्हा मात्र वेळेवर अँटिबायोटिक मिळालं आणि पोरगा उठून बसला. जंतूने आई नेली, गोळीने भाऊ परत दिला. एवढं डोळ्यांनी पाहिलेल्या बाईला हसणं सोपं आहे, पण ते शोभत नाही.

तरीही एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ताईंच्या कपाटात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता आणि त्यात याच्या-त्याच्या उरलेल्या गोळ्या होत्या. घसा खवखवला, काढ दोन गोळ्या. दाढ ठणकली, काढ दोन गोळ्या. शेजारीण शिंकली तरी तिच्या हातावर दोन गोळ्या! कोणी डॉक्टरांचं नाव काढलं की ताई म्हणायच्या, "मी काय भाजी विकते का? सगळं आयुष्य रुग्णालयात गेलंय माझं." विहिरीच्या काठावर घर आहे म्हणून कोणी पोहणारा होत नाही, पण हे ताईंना सांगणार कोण?

भाऊ मोठा होऊन रंगारी झाला, संसाराला लागला. त्याची बायको रोपवाटिकेत कामाला होती. दिवसभर हात मातीत, नखांत माती, पायरीवर मातीचे जोडे. घरात दोन मुलं, एक कुत्रा आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर अंकुर फुटलेल्या बियांची ताटली. ताई पहिल्यांदा गेल्या, ओट्याकडे नुसतं पाहिलं आणि त्यांना घाम फुटला. पुढच्या वेळी जाताना त्यांनी पिशवीत स्वतःचा कप नेला. पांढरा, निळ्या काठाचा.

मग तीच रीत झाली. ताई यायच्या, दारातच उभ्या राहायच्या. "बसा ना," भावजय म्हणायची. "बसायला वेळ कुठाय!" ताई म्हणायच्या. चहा उकळत असला की स्वतः जाऊन आपला कप उकळत्या पाण्यातून काढायच्या, चहा पातेल्यातून थेट त्यात गाळून घ्यायच्या आणि उंबऱ्यापाशी उभ्या उभ्या प्यायच्या. चुकून भावजयीचा हात कपाला लागला, तर कप पुन्हा उकळत्या पाण्यात! भावजय पहिल्या वर्षी मागच्या अंगणात जाऊन रडली. नंतर तिने रडणं सोडलं आणि बोलणंही कमी केलं. भाऊ दोघींच्या मध्ये उभा राहून भिंतीला रंग कोणता द्यावा यावर बोलत राहायचा.

असं सगळं चाललं असताना ताईंची दाढ सुजली. दातांच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. ताईंना त्या कमी वाटल्या, म्हणून त्यांनी डब्यातल्या आणखी घेतल्या. दाढ बरी झाली, पोट बिघडलं. साधंसुधं नाही. दिवसातून किती वेळा उठायचं याची गणतीच राहिली नाही आणि शेवटी उठण्याइतकंही बळ उरलं नाही. ताई आपल्याच रुग्णालयात दाखल झाल्या. अंगाखाली आपल्याच हाताखालून गेलेली, कडक इस्त्रीची चादर. ती सारखी बदलावी लागे. मळक्या चादरींची गाडी ढकलत धुलाईघरातली बाई आत आली की ताई भिंतीकडे तोंड करायच्या. मरणाची लाज वाटायची त्यांना.

पोटाच्या डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण बोलायला स्पष्ट होत्या. त्यांनी दुखण्याचं मूळ शोधून काढलं. आतड्यात शिरून बसलेला एक चिवट जंतू. त्याचं नाव लांबलचक होतं. ताईंनी त्याला 'तो मेला' एवढंच नाव ठेवलं. औषध दिलं की तो मेला दबायचा, औषध थांबलं की पुन्हा उसळायचा. दर खेपेला ताई आणखी खंगायच्या. गणवेशाचा पट्टा आवळायला भोकं उरली नाहीत, रक्तदाब खाली जायला लागला. मूत्रपिंडं कुरकुर करायला लागली, तेव्हा डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसल्या.

"आणखी एकदा हे उलटलं, तर तुम्हाला ते झेपणार नाही. खोटं सांगत नाही."

"मग मारा ना त्याला! जालीम काहीतरी द्या."

"मारून मारूनच ही वेळ आलीय, ताई. सुक्याबरोबर ओलंही जळतं. आपल्या आतड्यात कोट्यवधी जंतू राहतात. आपल्याला न पचणारं ते पचवतात, काही जीवनसत्त्वं बनवतात, आतड्याच्या अस्तराला खाऊ घालतात, शरीराच्या पहारेकऱ्यांना आपलं कोण आणि परकं कोण ते शिकवतात. आणि मुख्य म्हणजे जागा अडवून बसतात. उपऱ्याला शिरू देत नाहीत. तुमच्याकडे जागा अडवणारं कोणी उरलंच नाही."

ताईंना हे लगेच कळलं. "म्हणजे वॉर्ड भरलेला असला की नव्या पेशंटला खाट मिळत नाही. माझा अख्खा वॉर्ड रिकामा पडलाय."

"अगदी बरोबर."

"मग दही खाते की! त्या जंतूंच्या कॅप्सूलही मिळतात दुकानात. मी बघितल्यात."

"दही खा, चांगलंच आहे. कॅप्सूलचाही काही दुखण्यांत उपयोग होतो, सगळ्यांत नाही. पण ते पाहुणे. येतात, थोडा हातभार लावतात, जातात. तुम्हाला राहती वस्ती हवी." आणि मग डॉक्टरीणबाईंनी उपाय सांगितला. निरोगी माणसाची विष्ठा तपासून घ्यायची, मिठाच्या पाण्यात कालवून गाळायची आणि दुर्बिणीच्या नळीतून ताईंच्या आतड्यात सोडायची.

ताईंनी अंगावरची चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. जन्मभर जे धुऊन काढलं, तेच आता आत घ्यायचं होतं. "दुसरं काही नाही?" त्यांनी विचारलं. दुसरं काही नव्हतं.

दाता म्हणून भाऊ लगेच तयार झाला. तो कधी आजारी पडत नसे. दगड खाल्ला तरी पचवायचा. भाऊ आणि भावजय एकाच घरातले, म्हणून डॉक्टरीणबाईंनी दोघांचीही चौकशी केली, पण तपासणी भावाचीच केली. ती उत्तम आली. दिवस ठरला. त्या सकाळी भाऊ न्हाऊन-धुऊन, नवा सदरा घालून, लग्नाला निघाल्यासारखा हजर झाला.

"मधल्या दिवसांत काही औषध घेतलं नाही ना?" डॉक्टरीणबाईंनी रिवाजाप्रमाणे विचारलं.

"घेतलं तर! मुद्दाम घेतलं!" भाऊ छाती फुगवून म्हणाला. "ताईला द्यायचं म्हणजे काही कमी-जास्त नको. अँटिबायोटिकचं अख्खं पाकीट संपवलं. आत एक जंतू शिल्लक नसेल बघा!"

डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. भावाने सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याची छाती हळूहळू खाली बसली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हेच.

"कुठून आणल्यास गोळ्या?" ताईंनी अंथरुणातून विचारलं.

"तुझ्याच डब्यातल्या ना, ताई. मागे तूच दिल्या होत्यास. घरात असू दे म्हणून."

ताईंनी डोळे मिटून घेतले. भावाला रागवायला त्यांच्याकडे तोंड नव्हतं. लहानपणापासून त्यांनी त्याला जे शिकवलं, ते त्याने मनापासून केलं होतं.

आतली वस्ती पुन्हा भरेपर्यंत भाऊ आता निदान तीन महिने बाद झाला होता आणि ताईंकडे तीन महिने नव्हते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घरात आणखी एक निरोगी माणूस आहे. पण दाता राजीखुशीने तयार हवा. नवऱ्याच्या धाकाने आलेला मला चालणार नाही. विचारायचं तर ताई, तुम्ही विचारा."

भावजय दारात उभी होती. ताई असतील त्या खोलीत आत यायची तिला सवयच नव्हती.

"आत ये," ताई म्हणाल्या. "बस इथे."

ती खुर्चीच्या कडेला बसली. नखांत माती होतीच. भाऊ आणि डॉक्टरीणबाई बाहेर गेले.

"मला तुझी गरज आहे," ताई म्हणाल्या. एवढं एक वाक्य बोलायला त्यांना पाणी प्यावं लागलं.

भावजय शांतपणे म्हणाली, "ताई, माझ्या घरचं पाणी तुम्हाला कधी चाललं नाही."

"नाही चाललं."

"कपाला माझा हात लागला की तुम्ही तो परत उकळायचात. मला दिसायचं ते."

"आधी भीतीने करायचे," ताई म्हणाल्या. आता खोटं बोलायला अंगात शक्तीही नव्हती. "नंतर तुला दिसावं म्हणून करायचे."

भावजयीचे डोळे भरून आले. हे तिला ठाऊकच होतं, पण कोणी कबूल करील असं वाटलं नव्हतं. ती खाली मान घालून नखांतली माती काढत राहिली. ताई वाट बघत होत्या. नाही म्हणाली तर तिची चूक नव्हती, हे ताईंना पुरतं कळत होतं आणि म्हणूनच त्यांना जास्त भीती वाटत होती. मरायचं नव्हतं त्यांना. अजिबात मरायचं नव्हतं.

मग भावजयीचे खांदे हलायला लागले. ताईंना वाटलं, रडतेय. पण ती हसत होती. "आमचा कप नको, पाणी नको, घरात बसायला नको... आणि आता मागताय काय, तर—" तिला पुढे बोलवेना.

ताईंनाही हसू फुटलं. त्यांनी पोट दोन्ही हातांनी दाबून धरलं. "हसवू नकोस ग मेले, चादर बदलावी लागेल!"

"देते," भावजय डोळे पुसत म्हणाली. "पण अडला हरी गाढवाचे पाय धरी, तसं मात्र करू नका. पाय धरलेत तर मी गाढव ठरेन."

तिच्या तपासण्या झाल्या. अहवाल येईपर्यंत तिने डोकं दुखलं तरी साधी गोळी घेतली नाही, आणि नवऱ्याला औषधांच्या कपाटाजवळ फिरकू दिलं नाही. बिस्किटांचा डबा ताईंच्याच सांगण्यावरून गोळ्यांची विल्हेवाट लावायला औषधांच्या दुकानात गेला. सगळं नीट आलं, तसे डॉक्टरीणबाईंनी ते उसने जंतू ताईंच्या आत नेऊन सोडले. भूल उतरल्यावर ताईंनी पहिला प्रश्न विचारला, "वास तर येत नाही ना?"

डॉक्टरीणबाईंनी बजावून ठेवलं होतं, "ही जादू नाही. हा उपाय सगळ्या दुखण्यांवर चालत नाही आणि कधी कधी दुसऱ्यांदाही करावा लागतो." पण ताईंना एकदाच पुरला. काही दिवसांनी सकाळी त्या जाग्या झाल्या आणि काहीतरी वेगळं वाटलं. त्यांनी हाताने चाचपून पाहिलं. संध्याकाळी घातलेली चादर सकाळी तशीच होती, घडीच्या रेघासुद्धा मोडल्या नव्हत्या. त्या रेघांवरून बोट फिरवत ताई रडल्या. आई गेली तेव्हापासून कोणी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

ताई कामावर परतल्या, तेव्हा धुलाईघरात कोणीतरी पुटपुटलं, आता बाई सुधारल्या असतील. बाईंनी पहिल्याच दिवशी दोघांना स्वच्छ दारातून मागे फिरवलं. "तो मेला नुसतं हातांना सॅनिटायझर चोळून मरत नाही," त्यांनी सगळ्यांना ठणकावून सांगितलं. "साबण आणि वाहतं पाणी. रुग्णालय हे रुग्णालय आहे, कोणाचं घर नाही." शेजारीण शिंकली, तर मात्र आता तिला डॉक्टरांकडे पिटाळायच्या.

सुट्टीच्या दिवशी त्या भावाकडे गेल्या. दारातल्या मातीच्या जोड्यांशेजारी त्यांनी आपल्या चपला काढल्या. भावजय अंगणात कुंड्या भरत होती. ताईंनी पिशवीतून पांढरा, निळ्या काठाचा कप काढून तिच्या पुढे धरला. भावजयीचा चेहरा पडला. एवढं सगळं होऊनही कप आलाच होता.

"याला खाली भोक पाडता येईल का ग?" ताईंनी विचारलं.

"कशाला?"

"रोप लाव त्यात. मला तुमच्यातल्या कपात चहा दे."

भावजय उठली. हात पदराला पुसत, नाक ओढत ती आत निघाली.

"हात धुतलेस का?" ताईंनी मागून विचारलं.

भावजय थांबली. "नाही."

"मग धू सावकाश," ताई म्हणाल्या, आणि मागोमाग घरात येऊन, कुत्र्याला जरा बाजूला सरकवून खुर्चीत टेकल्या. "मी बसलेय."