तपासणीचे रोडगे

शाळेचा स्काउटमास्तर म्हणून माझी नेमणूक झाली ती माझी लायकी पाहून नव्हे. सगळ्या मास्तरांत अर्धी चड्डी घालायला तयार झालेला मी एकटाच होतो. बाकीच्यांना मुलंबाळं होती, अब्रू होती. मला नुसती बायको होती.

साखरखेर्ड्यात त्या काळी लग्न झालेला माणूस गुडघे उघडे टाकून बाजारातून जात नसे. मी पहिल्या दिवशी गळ्यात शिट्टी अडकवून निघालो, तेव्हा पारावरची म्हातारी माणसं उठून उभी राहिली. (आदरानं नव्हे. बसून नीट दिसत नव्हतं.) आमची माय दारात तांदूळ निवडत होती. तिनं मला खालून वर न्याहाळलं.

"दिगू, दोरीवरचं धोतर वायलं नाही काय रे तुह्यं?"

"माय, हा सरकारी पोशाख आहे."

"सरकारले कापड कमी पडलं काय मंग?"

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. हुकूम नागपुरात जन्मायचा, बुलढाण्याच्या कचेरीत मुक्काम करायचा, आणि घाट-नाले ओलांडून आमच्याकडे येईस्तोवर म्हातारा झालेला असायचा. शाळेशाळेत बालवीर पथक काढा, हा हुकूमही तसाच आला. सुरुवातीला पोट्ट्यांची झुंबड उडाली. हातात काठी, गळ्यात रुमाल, आणि सरकारच्या संमतीनं उन्हात बोंबलत फिरायचं. आणखी काय पाहिजे?

मग गळती लागली. काही आयांना खाकी रंग पाहूनच धडकी भरायची, कारण गावानं खाकीत आजवर फक्त पोलीस पाहिला होता. कापूस फुटला तशी निम्मी पोरं वेचणीला गेली. उरलेल्यांवर गणपतरावांची नजर पडली. गणपतराव म्हणजे पथकातल्या नामदेवचे वडील. अंगात खादी, डोक्यावर पांढरी टोपी, एकदा जेलात जाऊन आलेले, त्यामुळे गावात त्यांचा शब्द खाली पडत नसे. त्यांनी एकदा कवायतीला उभं राहून आमची शपथ ऐकली आणि मला बाजूला घेतलं.

"मास्तर, देवाशी इमान राखीन म्हणता, ते बराबर हाय. देशाशी राखीन म्हणता, तेबी बराबर हाय. पन हा मधात राजा कोन आनून बसवला?"

"तो पुस्तकातच आहे हो."

"मंग पुस्तकातच राहू द्या त्याले. हा महिना सरला का माह्यं पोट्टं मी काढून घेतो."

दुसऱ्या बाजूनं कासमभाई. हे गावचे शिंपी. पथकाचे सगळे पोशाख त्यांनीच शिवलेले, आणि त्यांचा याकूब आमचा टोळीनायक. कासमभाई तोंडातला दोरा न काढता म्हणायचे, "मास्टर, तुमच्या पथकाचे कपडे मी शिवतो, अन् माझ्या दुकानात काजं करायला पोरगं नाही. ये कैसा इन्साफ?"

या सगळ्यात हेडमास्तरांनी मला बोलावलं. बुलढाण्याहून स्काउटांचे साहेब तपासणीला येत होते. "पथकात दम दिसला तर चालू राहील," हेडमास्तर म्हणाले, "नाही तर झेंडा, काठ्या, शिट्टी सगळं घडी करून कपाटात. गावाचा पाठिंबा नाही असं साहेबांच्या कानावर गेलंच आहे."

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. खरं सांगतो, मास्तर म्हणून मी सुमार होतो. गणितात पोरांना रडवायचो आणि भूगोलात झोपवायचो. पण पथकात हीच पोरं माझ्या पुढे धावत. नामदेवला पाण्याची भीती होती, त्याला याकूबनं नाल्याच्या डोहात पोटाखाली हात धरून पोहायला शिकवलं होतं. गावात ही दोघं एकमेकांच्या ओट्यावरही चढली नसती. पथक बंद झालं की एक काजं करायला बसणार, दुसरा कापूस वेचायला जाणार, आणि मी माझ्या भूगोलाकडे. याचं मला फार वाईट वाटत होतं.

तपासणीत मुख्य परीक्षा स्वयंपाकाची. उघड्यावर दोन काड्यांत विस्तव पेटवून पोरांनी आपलं अन्न आपण शिजवायचं. पुस्तकात लिहिलं होतं, कणकेचा गोळा काठीला गुंडाळून जाळावर धरावा. मी घरी करून पाहिलं. काठी भाजली, कणीक खाली पडली.

माय बराच वेळ पाहत होती. "कनीक कायले काठीले फासी देऊन राह्यला? रोडगे करा ना बे. गोवऱ्यांचा इस्तू, त्याच्यात गोळे टाका, वरतून राख. नदरबी ठेवा लागत नाही."

अहाहा, काय अक्कल! रोडगा म्हणजे आम्हा वऱ्हाड्यांचा जीव. पोरांना करता येतो, भांडं लागत नाही, आणि साहेबही बोटं चाटील. जागा मी निवडली नाल्याकाठच्या महादेवाजवळची, कारण तिथे चिंचेची सावली होती. स्वतःच्या हुशारीवर मी इतका खूश झालो की त्या रात्री दोनदा जेवलो.

आता यात माझी चूक काय झाली, हे वऱ्हाडी वाचकाच्या एव्हाना ध्यानात आलं असेल. इतरांसाठी सांगतो. आमच्याकडे देवाजवळ रोडगे लागले की त्याचा अर्थ एकच: कुणाचा तरी नवस फिटतोय. आणि नवसाच्या रोडग्यांना आवतण लागत नाही. धूर दिसला की निघायचं. आलेल्याला परत लावायचं नाही, आणि पानावर बसलेल्यानं पुरं जेवल्याशिवाय उठायचं नाही. उठला तर नवस मोडतो. हे मला पाळण्यात असल्यापासून ठाऊक होतं. पण मी तेव्हा इंग्रजी पुस्तक वाचत होतो ना!

तपासणीच्या सकाळी माय गोवऱ्यांची पाटी डोक्यावर घेऊन भर गावातून निघाली. वेशीत बायकांनी विचारलं, "कायचे रोडगे वो?"

"शायेचं काही तरी हाय," मायनं खरं तेच सांगितलं.

पण महादेवाजवळ शाळेचे रोडगे कोण करतं? बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मास्तरच्या लग्नाला चार वर्षं झाली, घरात पाळणा नाही, आणि सासू डोक्यावर गोवऱ्या घेऊन महादेवाकडे चालली. दोन आणि दोन त्यांनी केले चार. चाराचे पुढे बाराही केले, कारण नाल्यापर्यंत बातमी पोचली तेव्हा माझ्या बायकोला तिसरा महिना लागलेला होता.

साहेब मोटारीतून उतरले. मोठे शिस्तीचे गृहस्थ. टोपीची कडसुद्धा सरळ रेषेत. याकूबनं एका काडीत विस्तव पेटवला. मान डोलावून साहेब म्हणाले, "छान." मी हवेत होतो.

तेवढ्यात नाल्याच्या उतारावरून पहिले म्हातारबुवा आले, हातात स्वतःचा तांब्या. रामराम करून चिंचेखाली बसले. मागून चौघं. मागून वीसेक. मग बायकापोरांसह अख्खी आळी. हळूहळू अर्धं गाव आपापला तांब्या घेऊन रांगेत मांडी घालून बसलं आणि आमच्याकडे प्रेमानं पाहू लागलं. आमच्याजवळ पीठ होतं बारा पोरांपुरतं.

"हे लोक कोण?" साहेबांनी विचारलं.

"पालक," मी म्हणालो. जिभेवर आलं ते बोललो.

"इतके? मला तर सांगण्यात आलं होतं की गावाचा पाठिंबा नाही."

मी पळत मायकडे गेलो. "माय, हे लोक नवसाचं समजून आले. सांग ना त्यांना!"

"आता पानावर बसेल मान्साले उठ म्हनू? तुह्या बापानं नाही केलं असं कधी."

"अगं, पण तू त्यांना आधीच नाही म्हणून सांगितलं का नाहीस?"

"मी हो कुठी म्हनलं? त्याहीनं इचारलं, कितवा महिना, मी हासली." (आमच्या मायचं हसणं म्हणजे सही-शिक्का समजत.)

तिकडे दुसरीच आफत. बायकांनी माझ्या बायकोला, सुभद्रेला, पाटावर बसवलं होतं आणि खण-नारळानं तिची ओटी भरणं चाललं होतं. झेंड्याच्या अगदी खाली. साहेब थक्क होऊन पाहत होते. सुभद्रेनं पदराआडून माझ्याकडे जे पाहिलं, ते मी इथे लिहीत नाही.

मग मायनं पदर खोचला. "याकूब, पोट्टे घे अन् इकडे ये. नामदेव, तू गावात पय. घरोघर सांग, मास्तरच्या नवसाले पीठ कमी पडून राह्यलं."

आणि काय सांगू, माझी पोरं जी कवायतीत डावा पाय कोणता ते विसरायची, ती भुतासारखी कामाला लागली. नामदेव गावच्या टेकाडावर, याकूब इकडे काठावर. दोघांनी बावट्यांच्या खुणांनी बोलायला सुरुवात केली. पीठ किती, वांगी किती, डाळ कुणाकडे. (सहा महिने मी त्यांना या खुणा शिकवत होतो. तोवर त्यांना एकच संदेश बिनचूक जमत असे: मास्तर आले.) दोन काठ्यांना रुमाल बांधून जखमीची झोळी करतात ना, तशा झोळ्या झाल्या आणि त्यांतून पिठाच्या गाठोड्यांची ने-आण सुरू झाली. गावानं हात आखडता घेतला नाही. कुणी वांगी आणली, कुणी तुपाचा गडू. माझी अब्रू वाचवायला माझी ओळख नसलेली माणसंही पायली पायली कणीक घेऊन आली, ते आठवलं की आजही ऊर भरून येतो.

गणपतराव खादीच्या बाह्या सारून विस्तव फुंकायला बसले. डोळ्यांतून पाणी, दाढीला राख. कासमभाई वांगी चिरत होते. रोडगे झाले, पंगत बसली आणि साहेबांनी फर्मान काढलं, "आता वाढायचं काम टोळीनायकानं करावं."

आणि टोळीनायक होता कासमभाईंचा याकूब. त्यानं वरणाची बादली उचलली आणि पंगतीच्या टोकाला जाऊन उभा राहिला. पहिल्या पानावरच्या म्हातारबुवांनी हात मागे घेतला. उठावं तर नवस मोडतो आणि मास्तरच्या लेकराचं पाप माथी येतं. बसावं तर उभ्या जन्मात केलं नाही ते होतं. मी पथकाचा प्रमुख. मी खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागलो.

माय रांगेतून पुढे आली. "खाय बावा. नवसाचं हाय. देवानं नाही पाह्यलं, कोनं वाढलं ते."

पंगतीच्या मधून गणपतराव ओरडले, "याकूब, इकडे वाढ बे आधी. सकायपासून इस्तू फुकून राह्यलो, भूक लागली ना."

याकूबनं वाढलं. गणपतरावांनी रोडगा कुस्करला, मोठा घास घेतला. म्हातारबुवांनी थोडा वेळ इकडेतिकडे पाहिलं आणि मग पान पुढे सरकवलं. त्यापुढे पंगतीत फक्त भुरक्यांचे आवाज होते. मी चिंचेमागे जाऊन नाक शिंकरून आलो.

जेवणं आटोपली तसे साहेब उठून उभे राहिले. "मी बरीच पथकं पाहिली. गाव असं पथकासोबत बसून जेवताना पाहिलं नव्हतं. हे पथक चालू राहील."

पोरांनी टोप्या उडवल्या. त्या गलक्यात गणपतरावांनी मला विचारलं, "मास्तर, समदं झालं, पन नवस कायचा व्हता ते तुमच्या तोंडून आयकू द्या."

आता खोटं बोलावं तर सुभद्रा तिथेच, खरं बोलावं तर अर्धं गाव जेवून बसलेलं. मी घाम पुसला. तेवढ्यात सुभद्रेनं पदर दाताखाली धरला आणि सासूला सांगितल्यासारखं, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आत्याबाई, सांगून टाका ना. पोरांचं पथक मोडू नये, असा नवस केलता त्याहीनं."

गणपतराव साहेबांकडे पाहत राहिले, मग महादेवाकडे. "मंग पावला की देव! राहू द्या नामदेवले तुमच्यापाशी. पन पोशाख खादीचा, खाकी रंगवून. अन् राजाचं मधातलं वाक्य माह्यं पोट्टं मनातल्या मनात म्हनन."

"अन् काजं?" कासमभाईंनी विचारलं. याकूब म्हणाला, "रात को करूंगा, अब्बा." एवढ्यावर मिटलं.

त्या दिवसापासून पथकात पोरं मावेनाशी झाली. त्यांच्या आया शाळेत माझ्याकडे यायच्या नाहीत, थेट आमच्या घरी येऊन मायला म्हणायच्या, "मावशी, आमच्या पोट्ट्याले घ्या." एका घासात त्या गावानं माझं पथक पदरात घेतलं, त्याचं ऋण मी मानतो. सुभद्रेचंही मानतो, जरी पुढे महिनाभर ती माझ्याशी खुणांनीच बोलत होती.

त्या दिवशी निघताना साहेब मोटारीपाशी थांबले. माझ्या मागेच माय रिकामी पाटी घेऊन उभी होती. साहेबांनी टोपी काढली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "असा स्काउटमास्तर सबंध जिल्ह्यात नाही." माझी छाती फुगली. मी टाचा जुळवल्या, तीन बोटं कपाळाला लावून कडक सलामी दिली आणि नम्रपणे म्हणालो, "आपली कृपा, साहेब."

"तुम्ही जरा बाजूला व्हा," साहेब म्हणाले, "मला त्या बाईंना नमस्कार करायचा आहे."