म्हातारीनं मांडलेली तीन पुस्तकं

माझ्या म्हातारीनं आणि मी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे अंगणातल्या बाजेवर तीन पुस्तकं मांडली आणि दाराआड मटकी निवडत बसलो. पुस्तकं संस्कृतची होती. आम्हाला दोघांनाही त्यातलं काही कळत नव्हतं. मी दुसरीपर्यंत शिकलेला, ती तेवढीही नाही. हे लिहितोय त्यातली जोडाक्षरंसुद्धा नातीनं नीट केलीत.

नातीसाठीच तो खटाटोप होता. आम्ही मूळचे पाचोडकडचे, मेंढरंवाले. दुष्काळानं कळप खाल्ला तसे शहराच्या कडेला पडेगावला येऊन राहिलो. पोरगा आणि सून चिकलठाण्याला कंपनीत पाळीवर जायचे. आमच्या भोवती इमारतींवर इमारती उठल्या, पण नळ काही आला नाही. टँकर यायचा, तोही त्याच्या मर्जीनं. हॉर्न वाजला की घरातली बाई किंवा पोर घागरी घेऊन पळणार. आमच्याकडं म्हातारीचे गुडघे गेलेले, म्हणून नात पळायची. टँकर आला की शाळा बुडाली. असं करत करत नववीत तिचं नाव कापलं.

मग घरी बसून दहावी द्यायची ठरली. सतरा नंबरचा फॉर्म भरायला आम्ही तिघं गेलो. तिथला कारकून म्हणाला, "हिंदी घ्या. तुम्हा लोकांना तेच झेपेल."

म्हातारी म्हणाली, "आमा लोकान्ला म्हंजे कोनत्या लोकान्ला?"

त्यानं फॉर्म पुढं सरकवला. ती नातीला म्हणाली, "तुला काय पायजे?"

"संस्कृत."

"मंग ल्ही संस्कृत."

लिहून तर आलो, पण शिकवणार कोण? पोरानं सांगून ठेवलं होतं, "एकदा बसू द्या. नापास झाली तर माझ्यासंगं कामाला येईल." बोर्डाचं पुस्तक सगळ्यांना एकच. ते कळावं म्हणून पाया म्हणून आधी कोणतं घ्यायचं, हा घोर. मागच्या इमारतीतल्या निवृत्त सरांनी एक जाडजूड व्याकरण दिलं. औरंगपुऱ्यात जुन्या पुस्तकांच्या गाड्यावरून मी एक गाईड आणलं, आणि सोबत एक बारीक, चित्रांचं, गोष्टींचं पुस्तक.

निवडायचं कसं ते म्हातारीनं ठरवलं. दुष्काळात चारा छावणीला होतो तेव्हा रानात चरायची सवय असलेली मेंढरं टाकलेल्या चाऱ्याला तोंडच लावायची नाहीत. मग ती कडबा, उसाचं वाढं आणि मका असे तीन ढीग टाकायची आणि पाठ करून बसायची. मेंढरू फिरून, पाणी पिऊन परत ज्या ढिगावर येईल, तोच त्याचा चारा.

"पोरगी काय मेंढरू हाय का?" मी म्हणालो.

"तुमी गप बसा. मेंढरान्ला तरी तुमच्यापरीस जास्त कळतं."

नातीनं आधी गाईड उघडलं, मग जाडं, मग बारीक. तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला. ती पुस्तक टाकून पळाली. खेळ संपला म्हणून मी उठायला लागलो तर म्हातारीनं धोतर धरलं.

"बसा! आता परत आल्यावर कशाला हात लावती ते बघायचं. पहिला घास भुकेचा असतोय, दुसरा आवडीचा."

मग तिनं मटकीचं ताट बाजूला सारलं. "जरा पडते. छातीत कसंतरी होतंय." मी तिला आत नेलं, अंगावर वाकळ घातली, पाणी पाजलं. तिनं डोळे मिटले ते मिटलेच. पोरगी पाणी भरून परत आली तेव्हा मी बाजेकडं बघत नव्हतो.

तेरावा झाल्यावर सर आले. म्हणाले, "संस्कृत म्हणजे पाठांतर, बाबा. आधी रूपं, अर्थ मागाहून." मी तिन्ही पुस्तकं हातात तोलून बघितली. मेंढा विकत घेताना पाठीवर हात दाबावा, उचलून बघावा, ही आमची रीत. जाडं पुस्तक वजनाला भरलं. तेच ठेवलं. बाकीची दोन्ही ट्रंकेत टाकली. डोकं ठिकाणावर नव्हतं, पण खापर दुःखावर फोडत नाही. अक्कल माझीच गेली होती.

नात बसायची भिंतीला टेकून. देवः देवौ देवाः. सकाळी तेच, दुपारी तेच. पहिला महिना खणखणीत आवाज. दुसऱ्या महिन्यात पुटपुट. तिसऱ्या महिन्यात एकदा पुस्तक मिटून म्हणाली, "आबा, मला नाय येत हे. तो कारकून बरोबर बोलला."

त्या बोलण्यानं मला जेवण गेलं नाही.

पुढं काही दिवसांनी रेशनकार्ड शोधताना ट्रंकेत ते बारीक पुस्तक हाताला लागलं. पहिली दोन-तीन पानं फुगून वाळलेली, त्यावर बोटांचे डाग.

"हे कशानं भिजलं गं?"

ती म्हणाली, "त्या दिवशी, आबा. टँकरचं पाणी भरून आले तर हात ओले होते. कावळ्याची गोष्ट अर्धी राह्यली होती, म्हणून आधी तीच उघडली. तुमी आत होता. मला काय ठाऊक आत काय झालं ते."

मी ते पुस्तक बाजेवर नेऊन ठेवलं. म्हातारी जिंकली होती आणि ते बघायला ती नव्हती.

जाडं पुस्तक बगलेत मारून मी सरांकडं गेलो. "सर, पुस्तक चांगलंय. पण पोरगी तोंड लावंना."

सर चिडले. "अहो बाबा, संस्कृत म्हणजे काय चारा आहे?"

"नाय, चारा नाय. पण चारा काय अन् संस्कृत काय, खाल्ल्याबिगर अंगी लागत नाय."

त्यांची बायको आतून हसली. सरांनी पुस्तक घेतलं, चहासुद्धा विचारला नाही.

आता कावळ्याच्या गोष्टीनं घर भरलं. पोरगी कावळा व्हायची, कोल्हा व्हायची, भाकरी थापता थापता भांडायची. एकदा टँकरच्या रांगेत ड्रायव्हरकडं हात करून मोठ्यानं म्हणाली, "मह्यं जलं देहि!" म्हणजे मला पाणी दे.

शेजारीण म्हणाली, "काय गं, शिव्या देतीस का त्याला?"

ड्रायव्हर म्हणाला, "देऊ द्या, मावशी. इतकी गोड शिवी मला आजवर कुणी दिली नाय." आणि पाइप आधी तिच्या घागरीत सोडला.

ही बातमी सरांपर्यंत गेली. एके दिवशी दारात उभे. "म्हण बरं काय म्हणालीस ते." तिनं म्हटलं. वर विचारलं, "सर, इथं मह्यं का येतं? माम् का नाही?" सरांचा चेहरा असा उजळला की मला हसू आलं. तेच जाडं पुस्तक त्यांनी पिशवीतून काढलं. या वेळी तिनं ते ओढूनच घेतलं. भूक लागल्यावर जाडं काय, बारीक काय! मग सर रोज यायला लागले. मीही कबूल केलं की त्यांचं पुस्तक वाईट नव्हतं, मी ते अवेळी पुढं टाकलं होतं.

परीक्षा झाली. निकाल सरांनी मोबाईलवर बघितला. दोनदा खात्री केली. मग ओरडले, "बाबा, पास! आणि सगळ्या विषयांत जास्त मार्क संस्कृतात!" पोरगा पाळीवरून आला तसा पोरीला पोटाशी धरून रडला. काम हा शब्द त्यानं पुन्हा काढला नाही. मी गल्लीभर ओरडत फिरलो. लोक म्हणाले, म्हाताऱ्याला लागीर झालं. होऊ द्या झालं तर. आमच्या सात पिढ्यांत कुणी संस्कृत वाचलं नव्हतं, ते आमच्या पोरीनं घरात बसून वाचलं.

मार्कलिस्ट हातात आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती कॉलेजच्या प्रवेशाला निघाली आणि नेमका हॉर्न वाजला. तिनं सवयीनं पिशवी ठेवली आणि घागर उचलली. तेव्हा मला लाज वाटली. इतकी वर्षं माझे दोन्ही हात धड होते आणि पाणी भरणं बायकांचं काम म्हणून मी बाजेवर बसून होतो. शाळेनं तिचं नाव कापलं त्यात टँकरइतकाच माझाही हात होता.

मी तिच्या हातातली घागर काढून घेतली. "जा तू."

"आबा, तुमी? रांगेत?"

"जा म्हणलं ना. बस जाईल."

रांगेत सगळ्या बाया. एक म्हणाली, "अगं बया, आज आबा पाण्याला! नवरदेवावानी लाजू नका, पुढं या."

"लाजतंय कोन?" मी म्हणालो. "पोरगी कॉलेजात गेली माझी. सरका जरा."

आणि पाइप धरला.