देवाच्या दिव्याला बटण

आमच्या ह्यांना ट्रक चालवता येत होता, यात वाद नाही. ट्रकमधलं काही कळत नव्हतं, एवढंच. पण ते त्यांना सांगणार कोण? गावात ट्रक एकच, तो आमचा, आणि त्याच्यावर बसणारा माणूस म्हणजे जणू कलेक्टर. ही नव्वदीच्या दशकातली गोष्ट. माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं. डी.एड. लग्नाआधीच झालेलं, आणि शिक्षिकेच्या ऑर्डरची वाट बघत मी जाफराबाद तालुक्यातल्या त्या गावात भाकरी थापत होते. गावात यष्टी येत नव्हती. जाफराबाद गाठायचं तर तेरा किलोमीटर बैलगाडीनं, नाही तर पायी. किंवा मग आमच्या ट्रकनं, त्याची मर्जी असेल तर.

ट्रक जुनाच घेतलेला, कापूस वाहायला. बरा चालत होता बिचारा. पण एकदा हे जालन्याहून गाडीत लावायचा देव्हारा घेऊन आले. प्लास्टिकचा. मधोमध राजूरच्या गणपतीचा फोटो, भोवती लाल-हिरव्या बल्बांची कमान, आणि काचेच्या वरच्या पाटीवर लावायला आणखी एक माळ. बल्ब एकामागून एक पळायचे. दुकानदारानं सोबत बटण दिलं होतं. ते ह्यांनी फेकून दिलं.

"देव काय चालू-बंद करायची चीज हाये का?" म्हणाले, आणि वायर सरळ बॅटरीला जोडून टाकली.

तेव्हापासून दिवे दिवसरात्र पळत राहिले. गाडी उभी करायची ती तोंड रस्त्याकडे करून, येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघावं म्हणून. घराकडे ट्रकचं ढुंगण. आम्हाला तेवढंच दर्शन.

आणि गाडी सकाळची चालू होईना. चावी फिरवली की नुसतं टक् व्हायचं. मग दहा माणसं गोळा करा, धक्का मारा, त्यांना चहा पाजा. ह्यांनी बॅटरी नवी टाकली. डायनॅमो बदलला. सेल्फ-स्टार्टर खोलून पुन्हा बसवला. मग नजर लागली म्हणून लिंबू-मिरच्या आल्या, बिब्बा आला, मागच्या फाळक्याला काळी बाहुली आली. संशय सगळ्यांवर घेऊन झाला, त्या दिव्यांवर मात्र कधी नाही. मी एकदा म्हटलं, "अहो, रात्रभर दिवे चालल्यावर बॅटरी उतरणारच. टॉर्चचे सेल उतरत नाहीत का?"

"तुझी हुशारी शाळेत दाखव."

अहो, शाळेत दाखवायलाच तर ऑर्डरची वाट बघत होते मी! खायला काळ नि भुईला भार असा तो ट्रक, आणि त्याचा मालक त्याच्याहून वरचढ.

शेवटी ऑर्डर आली. पोस्टानं रखडत आली, आणि हजर व्हायला दोनच दिवस उरले होते. जालन्याला जिल्हा परिषदेत जाऊन सही केली तर नोकरी, नाही तर ती यादीतल्या पुढच्या माणसाला. मी कागद हातात घेऊन रडले. सासूबाई ओट्यावर बसून सुपारी कातरत होत्या. अंगठेबहाद्दर बाई, रेडिओला चापट मारून गप्प करायच्या. त्यांनी एवढंच विचारलं, "मंग भाकऱ्या कोण थापील?" झालं, म्हटलं. हिला काय कळणार नोकरी म्हणजे काय ते.

पहिल्या दिवशी सकाळी नेहमीसारखा धक्का, नेहमीसारखे दहा जण. जाफराबादला पोचलो, ह्यांनी ऐटीत पान खायला म्हणून गाडी बंद केली, आणि ती पुन्हा टक्. मी म्हटलं, "समोर जालन्याची यष्टी उभी आहे, मी जाते." तर म्हणे, "घरचा ट्रक असताना यष्टीनं? लोक काय म्हणतील? पाच मिन्टाचं काम हाये." माझे कागद ह्यांच्या पिशवीत, पिशवी ह्यांच्या काखेत. यष्टी गेली. नंतरचीही गेली. भर स्टँडवर मी पदर ओढून बसून राहिले, पिशवी हिसकावून घेतली नाही. आज तो प्रसंग आठवला की मला ह्यांच्यापेक्षा माझाच राग जास्त येतो.

स्टँडजवळच्या वायरिंगवाल्यानं दहा मिनिटांत दुखणं ओळखलं. "मालक, गाडी बिलकुल ठीक हाये. हे दिवे रातभर बॅटरी पिऊन राह्यले. बटण लावून देतो."

"देवाला बटण लावतोस?"

त्यानं हात जोडले. "मंग सकाळी धक्का मारायलाबी देवालाच सांगा."

हे चिडले. बटण लावू दिलं नाहीच. बॅटरी तेवढी चार्जिंगला लावली, आणि पाच मिनिटं-पाच मिनिटं करत चार वाजवले. जालना राहिलं बाजूला, दिवेलागणीला आम्ही परत गावात.

आता एकच दिवस उरला होता. आज चार्ज केलेली बॅटरी सकाळपर्यंत ते दिवे गट्ट करणार, हे मला डोळ्यांपुढे दिसत होतं. हे आत जेवायला बसले. सासूबाई वाढत होत्या. मी ओट्यावर राहिलेल्या त्यांच्या सुपारीच्या चंचीतून अडकित्ता काढला आणि ट्रकमध्ये चढले. आधी गणपतीला हात जोडले. म्हटलं, बाबा, राग माझ्यावर काढायचा तर काढ, पण उद्याचा दिवस जाऊ दे. आणि वायर धरून कातरली. अडकित्त्याचं टोक बाजूच्या पत्र्याला लागलं, फाडकन ठिणगी उडाली. दिवे गेले. अडकित्ता पदरानं पुसून मी परत चंचीत ठेवला आणि ह्यांना ताक वाढायला गेले.

सकाळी मी नवं लुगडं नेसून तयार. हे ट्रकमध्ये चढले आणि चावीला हात न लावताच खाली उतरले. तोंड पांढरंफटक.

"देव इझला," म्हणाले. "आज गाडी हलवायची न्हाई. अपशकुन हाये."

घ्या! दोन महिन्यांत पहिल्यांदा तो ट्रक एका चावीत चालू झाला असता, आणि हा शहाणा चावी फिरवायला तयार नाही. मी म्हटलं, "अहो, आज शेवटचा दिवस आहे." तर म्हणे, नोकरी काय, पुन्हा मिळंल. माझं डोकं फिरलं. सांगून टाकावं की मीच कातरली वायर, मग घालवून द्या मला माहेरी. चपला पायात घातल्या होत्या. तेरा किलोमीटर पळत जायची तयारी होती माझी.

सासूबाई ओट्यावर सुपारी कातरत होत्या. मधेच थांबल्या. अडकित्ता डोळ्यांजवळ नेला, धारेवरून अंगठा फिरवला, आणि माझ्याकडे न बघता लेकाला म्हणाल्या, "का रे, देवळातला देव रातच्याला निजतो का न्हाई?"

"म्हंजे?"

"शेजारती झाली की पुजारी दार लावून घरी जातो का न्हाई? आन् तू त्याला दोन महिने झाले, रातभर टकाटका जागा ठिवलास. डोळ्याला डोळा न्हाई त्याच्या. काल बिचारा निजला, तर त्याच्या नावानं बोंबलून राह्यलास? जा, काकडआरती म्हण आन् गाडी काढ. आन् येताना त्या दिव्याला बटण बसवून आण. देवाला निजू दे जरा."

हे उभ्या उभ्या विरघळले. मी सांगितलं तेव्हा ती माझी हुशारी, वायरिंगवाल्यानं सांगितलं तेव्हा तो अधर्म, आणि आईनं सांगितलं तर वेदवाक्य! चढले, बेसूर आवाजात आरती म्हटली, चावी फिरवली. गाडी एका दमात चालू. जालन्यापर्यंत मला ऐकवत होते, "पाह्यलंस? झोप झाली देवाची." मी खिडकीबाहेर बघत बसले. दुपारी एक वाजता मी रजिस्टरवर सही केली. कारकुनानं मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही.

येताना जाफराबादला बटण बसवलं. तुटलेली वायर बघून वायरिंगवाला काहीतरी बोलणार होता. मी पदराआडून मान हलवली, आणि तो शहाणा माणूस बटणाच्या कामाला लागला.

संध्याकाळी मी चुलीपुढे भाकरी थापायला बसले, तर सासूबाईंनी परात माझ्यापुढून ओढून घेतली. "सर बाजूला. तुला उद्यापासून शाळा हाये." चार भाकरी थापल्या. मग कमरेची चंची सोडून अडकित्ता माझ्या हातात दिला. धारेत ज्वारीच्या दाण्याएवढी खाच पडली होती, कडेनं काळी.

मी म्हटलं, "आत्याबाई, चुकले मी."

"चुकलीस तर," म्हणाल्या. "तार तोडायचं काम विळ्याचं असतं, अडकित्त्याचं न्हाई. पह्यल्या पगारात नवा आण."